कोपराखाली एक मूठ

ओटेवाला सासूबाईंच्या ओळखीतून आला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर माणूस मीच शोधणार होते. आमचा जुना ओटा भुशाच्या फळीचा, वर प्लास्टिकचा पातळ थर. बेसिनच्या कडेने पाणी शिरून शिरून तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला होता. पण त्याचा खरा गुन्हा फुगण्याचा नव्हता. तो बुटका होता. आमच्या आधी या घरात कोण राहत होतं मला ठाऊक नाही. जे कोणी होतं, ते माझ्या कानाएवढं असणार. मी उंच. लग्न झाल्यापासून त्या ओट्यापुढे वाकून चिरत होते, वाकून घासत होते. बाळंतपणानंतर तर पाठच बोलायला लागली. कांदा चिरून सरळ झाले की कमरेतून कट् असा आवाज यायचा आणि बाहेरच्या खोलीतून नवरा विचारायचा, "काय मोडलं गं?"

म्हणून मला नवा ओटा हवा होता. दगडाचा, टिकणारा, आणि माझ्या उंचीचा. रंग कुठलाही चालला असता. माझी आई आयुष्यभर भाड्याच्या घरांत दुसऱ्यांच्या ओट्यांवर रांधत आली. मी तिच्या शेजारी उभी राहून वाढले आणि तिच्यासारखीच वाकायला शिकले. माझं माप विचारून केलेली एकही वस्तू आजवर माझ्याकडे नव्हती. चपलासुद्धा उरलेल्यातल्या.

सासूबाईंचा फोन आला. "माणूस मी देते. माझ्या बहिणीकडचा ओटा त्यानेच केलाय. दगड ऐकतो त्याचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तसा तुमचा आहे तो ओटा मला फार सोयीचा वाटतो हं."

वाटणारच. सासूबाई माझ्या कानाएवढ्या आहेत.

ओटेवाला आला तो हातात एक काठी घेऊन. गुळगुळीत, चौकोनी, त्याच्या छातीएवढी. मी विचारलं, "काका, फीत नाही आणली?"

"फीत भिंतीसाठी, ताई. माणसासाठी काठी." तो बोलका होता, आणि आपलं बोलणं त्याला स्वतःलाच आवडायचं. "बाकीचे काय करतात? ठरलेल्या उंचीचा ओटा ठोकतात आणि पैसे घेऊन जातात. मी कोपर विचारल्याशिवाय दगडाला हात लावत नाही. कोपराच्या खाली एक मूठ, तिथे ओटा. त्या घरातल्या बाईची पाठ मरेपर्यंत दुखायची नाही."

हे ऐकून मला तो एकदम आवडला, आणि आवडला म्हणून मी स्वतःला लगेच सावध केलं.

"उभ्या राहा. उजवा हात दुमडा, सुरी धरल्यासारखा."

मी डाव्या कमरेवर लेक घेऊन उभी होते. आमची लेक म्हणजे गाठोडं. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. दहा महिन्यांची झाली तरी जमिनीला पाय टेकवायला तयार नाही, दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कमरेला बांधलेली. मी उजवा हात दुमडला. ओटेवाल्याने माझ्या कोपराशी काठी उभी केली, स्वतःची मूठ कोपराखाली धरली आणि मुठीच्या खाली काठीवर पेन्सिलने खूण केली. गाठोड्याने काठी धरायला हात पुढे केला.

"हिचा ओटा लग्नाच्या वेळी," असं म्हणून तो स्वतःच हसला.

ओटा काढून टाकल्यावर स्वयंपाकघर म्हणजे नुसती उघडी कपाटं आणि भिंतीतून बाहेर आलेला नळ. सासूबाई मदतीला आल्या. सासरे गेल्यापासून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. आमच्याकडे आल्या की एक पिशवी घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. या वेळी दोन पिशव्या होत्या. दुसरी जड लागली म्हणून मी उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे. त्यात काही नाही."

त्यात काय आहे ते मी बघितलं. वाईट सवय आहे, पण बघितलं. टॉवेलात गुंडाळलेली त्यांची भाजी चिरायची फळी आणि पिवळ्या मुठीची सुरी.

आता मला सांगा, जिथे ओटाच नाही तिथे फळी आणि सुरी घेऊन कोण येतं? ओट्याविना काहीतरी शिजत होतं खास.

ओटेवाला भिंतीवर खुणा करायला पुन्हा आला तेव्हा मी न्हाणीघरात गाठोड्याला आंघोळ घालत होते. नळ बंद केला आणि पलीकडचं बोलणं कानावर आलं.

"मावशी, तिच्या लक्षात येईल ना?" हा ओटेवाला.

"नाही येत. तू तेच ठेव," या सासूबाई.

"मागाहून माझ्या नावाने ओरड नको."

"ओरडली तर मी आहे ना."

मी गाठोड्याला टॉवेलात घेऊन तशीच बाहेर आले. ओटेवाला नळाकडे बघायला लागला, सासूबाई छताकडे.

"काय ठेवायचं म्हणताय?" मी विचारलं.

"नळ," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, आहे तोच ठेव. चांगला आहे."

त्या नळाला मी नवी घरात आले तेव्हापासून शिव्या देत आहे, हे सासूबाईंना पक्कं माहीत आहे.

ओटेवाला गेला. सासूबाई गाठोड्याला झोपवायला आत गेल्या. मी भिंतीजवळ गेले. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ होती. ओटा इथवर येणार, असा तिचा अर्थ. मी तिच्यासमोर उभी राहिले, हात दुमडला, कोपराखाली डावी मूठ धरली. मुठीच्या खाली रेघ यायला हवी होती. आली नाही. मूठ संपून आणखी तीन बोटं खाली गेल्यावर रेघ लागली. रेघ जुन्या ओट्याच्या डागापेक्षा जेमतेम बोटभर वर होती. म्हणजे दगड नवा, वाकणं जुनंच.

आणि त्या रेघेच्या वर, बरोबर तीन बोटांवर, एक पुसट करडा डाग होता. मी नख लावून बघितलं. पेन्सिल. तिथे आधी एक रेघ काढली होती आणि अंगठ्याने पुसली होती.

मी ओटेवाल्याला फोन केला. "काका, रेघ खाली आलीये."

"नाही ताई. रेघ काठीवरून घेतली, काठी तुमच्या कोपरावरून. तुमच्या समोर."

"मग वरची रेघ का पुसली?"

पलीकडे थोडा वेळ कुठलंतरी यंत्र दगड कापत राहिलं. "काय म्हणालात? ऐकू येत नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

माप माझ्या समोर घेतलं होतं, हे खरं. मग ते बदललं कोणी? आणि कोणाच्या मापाने? उत्तर आतल्या खोलीत अंगाई म्हणत होतं. पण नुसत्या संशयावरून बोलायचं म्हणजे साप समजून भुई धोपटायची. मी खडा टाकून बघायचं ठरवलं.

"आई, जरा इथे उभ्या राहता का? ओट्यावर दिवा कुठे लावायचा ते बघायचंय. चिरताना हाताची सावली पडायला नको."

"मी कशाला? तूच उभी राहा की."

"मग सावली कोण बघणार?"

त्या आल्या. मी त्यांच्या हातात एक चमचा दिला, सुरी म्हणून. त्यांनी हात दुमडला. मी सावली बघायचं नाटक करत बाजूला गेले आणि त्यांच्या कोपराखाली, न टेकवता, माझी मूठ धरली. मुठीच्या बरोब्बर खाली रेघ. केसभरही इकडे तिकडे नाही. शिंप्याने बेतावा तसा ओटा त्यांच्या अंगाला बसत होता.

"पडतेय का सावली?" त्यांनी विचारलं.

"पडतेय," मी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. विचारलं असतं, पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. फळी आणली, सुरी आणली, ओटा आपल्या उंचीचा करून घेतला. याचा अर्थ त्या राहायला येत होत्या, आणि नुसत्या राहायला नाही, रांधायला. मी विचारलं आणि त्या "हो" म्हणाल्या, तर मी काय म्हणायचं? "या" म्हणायचं की "ओटा सोडून या" म्हणायचं? मला त्या नको होत्या असं नाही. मला फक्त, माझ्यासाठी म्हणून केलेल्या एका गोष्टीपुढे सरळ उभं राहायचं होतं.

नवरा कामावरून आल्यावर त्याला जरा आडून विचारलं. "आईंना इकडे यायचंय का रे कायमचं?"

तो बूट काढता काढता थांबला. "तुला काय म्हणाली ती?"

"काहीच नाही."

"मग मलाही नाही," तो म्हणाला आणि बुटाची नाडी नव्याने बांधायला लागला. बूट काढायचा होता, तरी. माय-लेकांपैकी कोणी ताकाला तूर लागू देत नव्हतं.

दगड आला त्या दिवशी नवरा घरीच थांबला. चार माणसांनी लाकडाच्या चौकटीत उभा बांधलेला दगड जिन्यावरून वर आणला. काळपट हिरवा, आत पांढरे बारीक ठिपके. गाठोडं सासूबाईंच्या कमरेवर होतं. एवढी माणसं बघून तिने तोंडातलं बोट काढलं आणि पुन्हा घातलं. ओटेवाल्याने कपाटांचे आट्यांचे पाय फिरवून फिरवून कपाटं रेघेखाली आणली, पाण्याच्या नळीने पातळी बघितली आणि दगड वर ठेवला.

"आता हा कोरडा मांडलाय," तो मला म्हणाला. "अजून चिकटवलेला नाही. हात फिरवा, बेसिनचं भोक बघा, काय ते आत्ता बोला. एकदा लेप लावला की तो दगड आणि तुम्ही. मग माझ्याने हलत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. दगड सुंदर होता. गार, गुळगुळीत, कडा हाताला कुठे लागत नव्हती. आणि मी त्यावर हात ठेवला तेव्हा माझी पाठ, जशी रोज वाकते तशी, आपोआप वाकली.

"काका," मी म्हटलं, "तुमची काठी आणा."

"कशाला?"

"हा ओटा माझा नाही. कोणाचा आहे ते मला माहीत आहे, पण माझा नाही."

सासूबाईंनी गाठोड्याला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, असं काय बोलतेस?"

ओटेवाल्याला राग आला. त्याने काठी आणली, माझ्या शेजारी उभी केली, मूठ लावली. काठीवरच्या खुणेच्या वर तीन बोटं. त्याने काठी उलटी धरली आहे का ते तपासलं. पुन्हा लावली. पुन्हा तीन बोटं.

"ताई, मधल्या काळात तुम्ही वाढलात की काय?"

"या वयात बाळं वाढतात, आया नाही. तुम्ही वरची रेघ का पुसली ते सांगा."

त्याने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी छताकडे. आमच्या घरातलं ते छत एवढं बघण्यासारखं नाही.

नेमक्या त्या वेळी गाठोड्याला इतका वेळ आपल्याकडे कोणी बघत नाही हे कळलं आणि तिने माझ्याकडे हात पसरून भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला माझ्याकडे दिलं. मी डाव्या कमरेवर घेतलं, रोजच्यासारखं. ती गप्प झाली. ओटेवाला मात्र माझ्याकडे बघतच राहिला.

"तशाच राहा. हलू नका. उजवा हात दुमडा."

त्याने काठी लावली. कोपर, मूठ, खूण. खूण बरोबर जागेवर.

"बघितलं?" तो चिडून म्हणाला. "माप बरोबर होतं. तुम्ही वाकड्या उभ्या होता."

मी स्वतःकडे बघितलं. डावी कमर बाहेर काढलेली, तिच्यावर लेक. तिच्या वजनाला तोलून धरायला अख्खं अंग उजवीकडे कललेलं, उजवा खांदा उतरलेला, गुडघा किंचित दुमडलेला. मी गेले दहा महिने अशीच उभी होते. भांडी घासताना, फोनवर बोलताना, दार उघडताना. मला वाटत होतं की मी सरळ उभी आहे.

"कोपर विचारून ओटा करणारे," मी म्हटलं, "कमरेवर काय आहे ते विचारत नाहीत होय?"

नवरा हसला. ओटेवाला हसला नाही. "मला संशय आला होता," तो म्हणाला. "खुणा करायला आलो तेव्हा. एवढी उंच बाई आणि काठी एवढी खाली? म्हणून अंदाजाने वर रेघ मारली. मग मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, काठीवर आहे तेच ठेव."

आता छताकडे बघून भागण्यासारखं नव्हतं.

"मग काय चुकीचं सांगितलं?" सासूबाई म्हणाल्या. "ती तशीच उभी असते. गाठोडं कमरेवरून खाली असतं कधी? सरळ उभं राहून मोजायचं आणि वाकडं उभं राहून रांधायचं, त्याला काय अर्थ? हिला एका हाताने चिरताना बघते मी. खांदा वर उचलून चिरावं लागलं असतं. म्हटलं, जशी उभी राहते तसा होऊ दे." मग आवाज खाली आणून, "विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस का? तुला उंच ओटा हवा होता. तू सगळ्यांना सांगत होतीस."

मला राग आला होता तो तसाच होता, पण आता तो ठेवायला जागा सापडेना. माझ्या पाठीत कट् होतं ते नवऱ्याला ऐकू यायचं. मी उभी कशी राहते ते एकट्या त्यांनीच बघितलं होतं. आणि बघून, मला न विचारता, दगडात कायमचं करून टाकायला निघाल्या होत्या.

"आई, पण ती उतरेल ना," मी म्हटलं. "कधीतरी उतरेलच."

सासूबाईंनी आपल्या लेकाकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता, चौकटीएवढा.

"उतरतात," त्या म्हणाल्या. "मग काय करायचं या कमरेचं, ते कोणी सांगत नाही."

ओटेवाल्याने घसा साफ केला. "लेप सुकतोय तिकडे. वर घ्यायचा की आहे तिथे?"

मी गाठोड्याला जमिनीवर ठेवलं. तिने ओठ काढला, पण जवळच ती काठी पडली होती. काठीपुढे रडणं राहून गेलं. मी सरळ झाले. दोन्ही पायांवर. खरं सांगते, तोल गेल्यासारखं वाटलं.

"वर घ्या," मी म्हटलं. "तीन बोटं."

चार माणसांनी दगड उचलला, ओटेवाल्याने खाली बसून कपाटांचे पाय एकेक करून फिरवले. सासूबाई भांडी पुसायला लागल्या. ती भांडी आधीच पुसलेली होती. त्यांची दुसरी पिशवी दाराजवळ होती, पहिलीच्या शेजारी. दोन्ही बांधलेल्या. केव्हा बांधल्या कळलंच नाही.

"काका," मी म्हटलं, "त्या दगडाच्या चौकटीचं लाकूड तुम्ही परत नेता?"

"नाही. जाळायला जातं."

"मग त्याचा एक पाट करून द्या. उभं राहायचा. या ओट्यापुढे ठेवायला, तीन बोटं उंच."

"तुम्हाला पाट कशाला? आत्ताच तर ओटा वर घेतला."

"ज्यांचं कोपर खाली येतं त्यांना."

भांडं पुसायचा आवाज थांबला. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मग आईकडे, मग बुटांकडे, जे त्याने घातलेलेच नव्हते. राहा म्हणायचं, या म्हणायचं, ते सगळं त्या पाटात आलं होतं, आणि त्याहून जास्त त्या घडीला माझ्याने झालं नसतं.

ओटेवाल्याने फळ्या मोजल्या. सासूबाई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कडा गोल कर रे," त्या म्हणाल्या. "गाठोडं आपटेल त्यावर."

दगड चिकटला. माझ्या कोपराखाली एक मूठ, ना कमी ना जास्त. पिवळ्या मुठीची सुरी आता माझ्या सुऱ्यांत अडकवलेली असते. ती पिशवीतून बाहेर काढून तिथे कोणी अडकवली ते मला माहीत नाही. मी अडकवली नाही. नवऱ्याला वाटतं सगळं उलगडलं. माझा मात्र एक धागा अजून अडकून आहे. माप चुकलं ते माझ्या वाकड्या कमरेमुळे, कबूल. पण चुकलेलं माप हुबेहूब सासूबाईंच्या कोपराखाली बसावं, इतका का तो दगड त्यांचं ऐकतो?

परवा त्या पाटावर उभ्या राहून चिरत होत्या. गाठोडं त्यांच्या पायाशी, पाटाची कड धरून उभं. मी दारातून बघत होते: कोपर, मूठ, ओटा.

"काय बघतेस?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चिरत राहिल्या. मग सहज, गाजराकडे बघत: "अगं, माझ्या हातात चमचा देऊन बघत होतीस तो दिवा कुठे लावायचा, ते ठरलं का शेवटी?"